साक्षीला घरचा माणूस

“आज वार कोणता, मावशी?”

“केस ओढू नकोस.”

“ओढत नाही गं, विंचरतेय. सांग ना, वार कोणता आज?”

“एवढी घोडी झालीस आणि वार मला विचारतेस?” हातातल्या आरशातून मावशीने मागे उभ्या भाचीकडे डोळे वटारले. “आणि जावईबापूंना सांग, चौकटीला टेकू नका. कोपराला रंग आहे त्यांच्या.”

जावईबापू, म्हणजे भाचीचा नवरा, म्हणजे गल्लीचा पेंटर. लोकांनी त्याचं खरं नाव कधीच बाजूला ठेवून दिलं होतं. त्याने कोपर काढून घेतलं, बायकोकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. दोघांच्या डोळ्यांत एकाच वेळी दिवा लागला.

सकाळ चांगली होती.

मावशीचं आता असंच होतं. ती रागावली की समजायचं, मावशी घरात आहे. ती गोड बोलू लागली, समोरच्याला बाळ-राजा म्हणू लागली, की समजायचं, गेली. उंबरा ओलांडला, वाट धरली, कुठल्या गावाला ते तिचं तिला ठाऊक. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. चाळीस वर्षं शाळेत पहिलीच्या वर्गाला अक्षरं शिकवलेली. आता तिला स्वतःचं घर दिवसातून एकदाच सापडायचं, सकाळी, फार तर तासभर. खोल विहिरीच्या तळाशी घटकाभर ऊन पोचावं आणि सरकून जावं, तसं.

“साडेसात,” पेंटर म्हणाला.

“आठला येतायत ना दोघं?”

“वकीलबाई आठच्या ठोक्याला. डॉक्टर म्हणालेत, येतो.”

“‘येतो’ म्हणजे काय? मनगटाला घड्याळ आहे की नुसता पट्टा?”

“हळू बोल.”

“मला हळू बोल म्हणता?” मावशी कडाडली. “माझ्या घरात?”

“तुम्हाला नाही, मावशी. हिला.”

“मग ठीक. तिला सांगाच. लहानपणापासून घसा मोठा आहे तिचा.”

भाची हसली आणि पुन्हा कंगवा फिरवू लागली. आज या तासाभरात मावशीने एक वाक्य बोलायचं होतं. माझं घर माझ्या भाचीला. एवढंच. पण परक्या माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने, कुणी न सुचवता. आणि त्याखाली सही. ते जमलं तर पुढची खोली, मागची खोली, न्हाणी आणि दारासमोरच्या तीन पायऱ्या भाचीच्या. नाही जमलं तर मावशीमागे सगळं मावशीच्या नवऱ्याकडच्या पुतण्याचं. चौदा वर्षांत तो एकदा आला होता, तेही पावणेदोन तासांसाठी.

खरं तर हे वाक्य मावशीने एकदा बोलून ठेवलेलं होतं. लिहूनही ठेवलेलं होतं. त्या लिहिलेल्याला नाट लागली ती पेंटरची.

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. साधा मोतीबिंदू, पण मावशी म्हणाली, “डोळा काय आणि जीव काय, दोन्ही डॉक्टरच्या हातात द्यायचे, तर मागचं आवरून जावं.” तेव्हा तिचं डोकं खडूसारखं लख्ख होतं. रेघांचा कागद घेतला, पेन घेतलं, आणि दुपारी बसून तिने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. वळणदार, एकही खाडाखोड नाही. नऊ वर्षांची असताना आईवेगळी झालेली भाची तिने पदरात घेतली होती. पुढे मावशीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याच भाचीने कापडाच्या कारखान्यातलं काम सोडून तिला उचललं, बसवलं, न्हाऊ घातलं, त्याला आता अकरा वर्षं होतील. हे सगळं तिने चार ओळींत लिहिलं आणि खाली लिहिलं, म्हणून हे घर तिचं.

“दोन साक्षीदार लागतात,” मावशी म्हणाली. “एक समोरचा शिंपी. दुसरे जावईबापू.”

शिंप्याने दोऱ्याचं टोक दातांतून काढलं. “घरचा माणूस चालतो का हो, बाई?”

“न चालायला काय झालं? साक्ष म्हणजे भरवसा. ज्याच्यावर भरवसा, त्याची सही. नाहीतर काय रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारू?”

हे सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? वकिलाकडे जाण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, मग वकील कशाला? ताप नसताना थर्मामीटर लावण्यासारखं.

पेंटरला तर त्या दिवशी छातीत काहीतरी फुलून आल्यासारखं झालं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी मावशीने त्याला याच एका गोष्टीवर पसंत केलं होतं. मुलगा काय करतो, तर पाट्या रंगवतो, हे ऐकून बाकीच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मावशी मुलाला बघायला गेलीच नाही. ती बाजारात गेली, त्याने रंगवलेल्या औषधाच्या दुकानाच्या बोर्डासमोर छत्री टेकून पाव तास उभी राहिली आणि घरी येऊन म्हणाली, “ज्याचा काना सरळ, त्याचं मन सरळ. द्या मुलगी.”

त्याने सही केली ती बँकेत करतात तशी नाही. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी, तो जशी घालत असे तशी. शेवटच्या अक्षरातून निघालेली एक रेघ, पाखराच्या शेपटीसारखी दुभंगलेली. शाई ओली होती. मावशीने कागद उचलला, तोंडाशी धरला आणि हळूच फुंकर घातली. वर्गात मुलांच्या वह्यांवर घालायची तशी.

“बघ गं चिमे,” ती भाचीला म्हणाली. “सगळ्या कागदात हेच अक्षर उजवं.”

*

ते अक्षर वकीलबाईंच्या बोटाखाली आलं ते तीन महिन्यांपूर्वी. नवरा-बायको गेले होते वेगळ्याच कामाला. मावशीची सही आता बिलांवर जुळेना, तेव्हा पाण्याचं बिल भाचीच्या नावावर कसं करायचं ते विचारायला. सोबत असावा म्हणून तो कागदही नेला होता. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. खाली यंत्राचा खटखटाट, वर पंख्याचा. वकीलबाई वाचत होत्या आणि प्रत्येक ओळीला “छान” म्हणत होत्या. “छान. स्वच्छ लिहिलंय. इतकं स्वच्छ वकीलही लिहीत नाहीत.” पेंटर खुर्चीत जरा सरसावून बसला.

मग बोट थांबलं.

“ही सही कुणाची?”

“माझी,” पेंटर म्हणाला. अभिमानानेच म्हणाला.

“आणि तुम्ही यांचे कोण?”

“नवरा.”

वकीलबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला, जणू काचेमुळे काही वेगळं दिसलं असावं. मग त्यांनी समजावून सांगितलं, सावकाश, पहिलीच्या मुलांना सांगावं तसं. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार, तो स्वतः साक्षीदार असून चालत नाही. त्याचा नवरा किंवा बायकोही चालत नाही. साक्ष टिकते, कागद टिकतो, फक्त त्या माणसाला दिलेली वस्तू गळून पडते. आणि या कागदात दुसरी वस्तूच नव्हती.

“पण मी खोटं कुठे सांगितलं?” पेंटर म्हणाला. “मावशी बोलल्या, मी ऐकलं, मी सही केली.”

“साक्षीला परका माणूस लागतो, पेंटर.”

“परक्याला काय ठाऊक मावशींच्या मनातलं?”

“म्हणूनच लागतो.” त्यांचा आवाज मऊ झाला. “कायद्याला भीती असते, घरच्याने हात धरून लिहून घेतलं तर? तुम्ही घेतलं नाहीत, मला दिसतंय. पण कायद्याला डोळे नसतात, नुसतं माप असतं. कायद्याच्या लेखी तुम्ही दोघं एकच.”

भाची हसली, कोरडं.

“बत्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं की आम्ही दोघं एकच आहोत. सख्ख्या सासूने म्हटलं नाही. कायद्याने म्हटलं, तेही घर काढून घ्यायला.”

“तेव्हा आला असतात तर दहा वाटा होत्या,” वकीलबाई म्हणाल्या. “बक्षीसपत्र करता आलं असतं. घर ट्रस्टकडे सोपवून, त्या आहेत तोवर त्यांचं आणि नंतर तुमचं, असं बांधून ठेवता आलं असतं. काहीच नाही तर दुसऱ्या शेजाऱ्याची सही. दोन मिनिटांचं काम. आता एकच वाट उरलीय. त्यांनी पुन्हा सांगायला हवं. शुद्धीत.”

जिना उतरताना पेंटर दोनदा थांबला. बायकोने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ती शिव्या घालती, आदळआपट करती, तर त्याला बरं वाटलं असतं. तोंडाने तिखट असलेली ही बाई या एका गोष्टीवर मुकी झाली, आणि तिचं ते मुकेपण घरात चौथ्या माणसासारखं वावरू लागलं.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. आवाज साखरेचा. “काकूंना तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत हो. एक माणूस येईल, जरा मापं घेऊन जाईल. घाई काही नाही. काकू आहेत तोवर तुम्ही राहा की खुशाल.” दुसऱ्या दिवशी खरंच एक माणूस आला, पट्टी घेऊन. भिंतीपासून भिंतीपर्यंत धरली. मावशी गोड हसून त्याला म्हणाली, “बाळ, सदरा शिवायचाय का?”

*

आठच्या ठोक्याला वकीलबाई आल्या. मागोमाग शिंपी आला, धुतलेला सदरा घालून, आणि औषधवाला दुकान उघडायचं सोडून आला. दोघेही परके. दोघांनाही आज परकं असण्याचा मान होता.

डॉक्टर आले नव्हते.

वकीलबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि त्या थबकल्या. घरात जागोजागी पाट्या होत्या. मावशी विसरू लागली तशी पेंटरने एकेक रंगवून लावलेली. त्याला दुसरं येत काय होतं? बाजारात आता छापील बोर्ड आले होते, त्याच्या ब्रशला काम उरलं नव्हतं, ते सगळं अक्षर त्याने घरात ओतलं. दारावर ‘दार’. बटणाखाली ‘दिवा’. नळावर ‘गरम पाणी, जपून’. आरशाखाली ‘ही तू’. आणि मावशीच्या पलंगासमोर, भिंतीवरच्या खिळ्याला, सगळ्यांत मोठी पाटी, पिवळ्यावर निळी: ‘ही चिमी. तुझ्या बहिणीची मुलगी.’

ती लावली तेव्हा भाची म्हणाली होती, “मी काय दुकान आहे, डोक्यावर बोर्ड लावायला?” पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या ती बरोबर त्या पाटीखाली येऊन उभी राहू लागली. मावशी आधी पाटी वाचायची, मग नजर खाली आणायची, मग म्हणायची, “चिमे, चहा.” तिथून तिची सकाळ सुरू व्हायची.

“ही काढावी लागेल,” वकीलबाई म्हणाल्या.

“का?”

“उद्या त्या पुतण्याचा वकील विचारेल, खोलीत काय काय होतं? मी काय सांगू? उत्तर भिंतीवर रंगवलेलं होतं?”

“अहो, पण ती रोज—”

“मला कळतंय हो. पण ते पढवणं होईल.”

पेंटरने स्टूल घेतलं. पाटी काढताना तिचा खालचा कोपरा भिंतीला घासला आणि नखभर रंग उडाला. त्याने पाटी काखेत धरली. भिंतीवर खिळा राहिला आणि त्याच्याभोवती एक स्वच्छ चौकोन.

साडेआठ. मावशीने चहा घेतला, बिस्कीट नरम आहे म्हणून तक्रार केली. भाचीने डोळे मिटून देवाचे नाही, पण त्या बिस्किटाचे आभार मानले. पावणेनऊ. मावशीने शिंप्याला झापलं, “तुझ्या शिवणीला टाके कमी असतात.” शिंपी म्हणाला, “हो बाई,” आणि हळूच पेंटरच्या कानाशी लागला, “अजून आहे. अजून आहे.” नऊ. मावशीची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच रेंगाळली.

“मावशी, माझ्याकडे बघ. वार कोणता?”

“काय म्हणालीस?”

“वार गं.”

“तू सांग,” मावशी म्हणाली. अजून गोड नाही, पण कडूही नाही.

डॉक्टर सव्वानऊला आले. कपाळावर घाम, दाढी वाढलेली. पहाटेपासून एका बाळंतिणीपाशी अडकले होते, मूल आडवं होतं. त्यांनी माफी मागितली. त्यांना काय म्हणणार? एक जीव जगात येत होता, त्याने यांची सकाळ खाल्ली. रागवायलाही माणूस सापडेना.

“तुम्ही दोघं बाहेर थांबा,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही.”

*

तीन पायऱ्यांतल्या मधल्या पायरीवर दोघं बसली. पेंटरच्या मांडीवर पाटी. डोक्यावरच्या खिडकीच्या एका झडपेला काच नव्हती, त्यानेच बसवलेला पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यातून आवाज गाळल्यासारखा येत होता.

“आजी, तुमचं नाव सांगाल?”

मावशीने पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, हजेरीला ओ दिल्यासारखं ठणठणीत. बायकोची बोटं पेंटरच्या मनगटाभोवती आवळली.

“हे घर कुणाचं, आजी?”

“माझं. एकेक वीट मोजून घेतलीय मी. गवंड्याने चार चोरल्या होत्या, परत आणवल्या.”

कुणीतरी हसलं. औषधवाला असावा.

“आता सकाळ आहे की संध्याकाळ?” हा डॉक्टरांचा आवाज.

“तुमच्या दाढीवरून तर संध्याकाळ वाटते.”

आता सगळेच हसले. पायरीवर भाचीने दुसरा हात तोंडावर दाबला, तिचे खांदे हलत होते, हसू की रडू ते पेंटरला कळेना. अशी बोलली की मावशी घरात असते. घरात होती. अजून होती.

“बरं आजी, तुमच्यामागे हे घर कुणाला द्यावं, असं तुमच्या मनात आहे?”

गल्लीत कुणीतरी सायकल उभी केली. कुठेतरी बादलीत नळाचं पाणी पडत होतं.

“दिलं,” मावशी म्हणाली.

“कुणाला दिलं?”

“दिलं की मी. मागेच. कागद झालाय त्याचा. एकदा दिलेली वस्तू पुन्हा पुन्हा देतात का कुणी? पोरखेळ आहे का?”

“तो कागद बाजूला ठेवू, आजी. आज नव्याने सांगा. कुणाला?”

“तिला.”

“तिला म्हणजे? नाव सांगा तिचं. नाहीतर तुमची कोण लागते ते सांगा.”

पेंटरला न बघताही दिसलं, की मावशीची नजर पलंगावरून उठली, भिंतीवर चढली, खिळ्यापाशी गेली आणि त्या स्वच्छ चौकोनात शोधू लागली.

“इथं लिहिलं होतं,” मावशी म्हणाली.

पलंग करकरला.

“इथं लिहिलं होतं ना? मी रोज वाचते. कुणी पुसलं?”

“हाक मारू का?” बायकोने ओठांनीच विचारलं. “एकदाच. ‘मावशी’ एवढंच.”

पेंटरने मान हलवली. हाक मारली तर आहे तेही जाईल. पोटच्या पोरीसारखी पोर तीन हातांवर बसलेली, आणि मध्ये एक पुठ्ठा. तो त्यानेच बसवलेला. त्याने मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं. सगळं उत्तर तिथं होतं, पिवळ्यावर निळं, वीस पावलांवरून वाचता येईल असं.

“आठवून बघा, आजी. घाई नाही.”

“अक्षर फार सुरेख होतं हो,” मावशी म्हणाली. तिचा आवाज आता हलका झाला होता, वाऱ्यावर धरलेल्या कापडासारखा. “जावईबापूंचं. त्यांनीच सही केलीय कागदावर, बघा तुम्ही. काना असा सरळ...” आणि ती गुणगुणू लागली. चाळीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलेलं, तिचं तिनेच रचलेलं:

“काना उभा दारी, जशी आजोबांची काठी,
वेलांटी वळून पाहे, जशी आई बाळापाठी...”

तिने ते दोनदा म्हटलं. मग म्हणाली, “तू कुठल्या वर्गातली गं, बाळ? डबा खाल्लास का? ये, इथं बस माझ्याजवळ.”

पेंटरने डोळे मिटले. मनगटावरची बोटं एकेक करून सुटली.

*

वकीलबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातला कागद कोराच होता. त्यांनी तो दोनदा घडी करून पिशवीत घातला, जणू कोरा कागदही नीट ठेवावा लागतो.

“मी लिहून घेऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “माझं मन म्हणतंय घ्यावं. पण मी मनाने लिहून घेतलं, तर तेही गळून पडेल.”

शिंपी पुढे सरसावला. “अहो, मी सांगतो ना! तेव्हा म्हणाली होती ती, या कानांनी ऐकलंय मी. कुठल्याही कोर्टात येतो.”

“तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे हो.”

“मग?”

वकीलबाईंनी नुसतं पिशवीतल्या कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. शिंप्यालाही ते समजलं असावं, कारण तो आपल्या धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या उगाच दुमडू लागला.

“पुन्हा एखाद्या सकाळी?” पेंटरने डॉक्टरांना विचारलं. “लवकर? सातला? मी घ्यायला येतो तुम्हाला.”

“येईन की. बोलवा, येईन.” डॉक्टर पायरी उतरले, थांबले, मागे वळले. खोटं बोलता न येणारा माणूस होता. “पण एक सांगतो. आज त्यांची खरंच चांगली सकाळ होती. मी वर्षभरात त्यांना इतकं छान बोलताना ऐकलं नव्हतं.”

मग सगळे गेले. औषधवाला दुकान उघडायला, डॉक्टर झोपायला, वकीलबाई कोर्टात. गल्ली आपल्या कामाला लागली. पेंटर पायरीवर तसाच बसून राहिला. आपली सही त्याला डोळ्यांपुढे दिसत होती, करंगळीच्या नखाएवढी, पाखराच्या शेपटीची. आयुष्यात त्याने शेकडो बोर्डांच्या कोपऱ्यात ती घातली. ते बोर्ड पावसाने धुतले, मालकांनी उतरवले, छापील आले तेव्हा भंगारात गेले. ही एकच टिकायची होती.

“अहो.” आतून बायकोचा आवाज आला. “पाटी लावा परत. ती खिळ्याकडेच बघत बसलीय.”

तो आत गेला. स्टूल ओढलं, पाटी खिळ्याला अडकवली. खालचा कोपरा उघडा दिसत होता, रंग उडालेला. त्याने कोनाड्यातून निळ्याची डबी काढली, बारीक ब्रश काढला, आणि तेवढी जागा भरू लागला. दुसरं करण्यासारखं घरात काही नव्हतं.

मावशी वाचत होती. ओठ हलत होते, बोट हवेत अक्षराखालून सरकत होतं. “ही... चिमी. तुझ्या... बहिणीची मुलगी.” मग तिची नजर खाली उतरली. भाची रोजच्या सवयीने पाटीखाली येऊन उभी राहिलेली.

“आलीस?” मावशी म्हणाली. “किती वेळ गं? मघापासून लोक तुझं नाव विचारत होते.”

भाचीने नुसती मान हलवली.

“हे कुणी लिहिलं?”

“यांनी.”

“मग खाली नाव का नाही घातलं?” मावशीच्या कपाळाला आठी पडली, जुनी, वर्गातली. “चांगल्या कामाखाली नाव घालावं, जावईबापू. लाजता कसले?”

पेंटरचा ब्रश हवेत थांबला. टोकाला निळा थेंब जमू लागला. तीन महिने त्याने कशावरच नाव घातलं नव्हतं, पाण्याच्या बिलावरसुद्धा नाही.

“घाला,” बायको म्हणाली.

“अगं...”

“घाला हो.” तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या गोष्टीबद्दल बोलत होती. तिने हात वर करून पाटी दोन्ही कडांनी धरली, हलू नये म्हणून. लग्नानंतरच्या वर्षांत बाजारात उन्हात उभी राहून बोर्ड धरायची, तशी. “इथं चालते घरच्या माणसाची सही.”

त्याने उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं, आपलं नाव घातलं. रेघ शेवटी दुभंगली. त्याने पाटी खिळ्यावरून काढली आणि स्टुलावरून उतरून मावशीपुढे धरली.

मावशीने ती बराच वेळ पाहिली. मग गाल किंचित फुगवून ती ओल्या रंगावर फुंकर घालू लागली. हळूहळू, पुन्हा पुन्हा, वाळेपर्यंत.